खांबामागची बाजू

…आणि ते कुसळ आत्ताचं नव्हतं, कारण त्याच्या बुडाशी आलेलं रक्त वाळून काळं पडलं होतं. सागाचं कुसळ, अर्ध्या इंचाहून लांब, डाव्या हाताच्या करंगळीशेजारच्या बोटात तिरपं घुसलेलं. मुंजाजीनं हात खिडकीच्या उजेडात धरला. आधी त्याला वाटलं, नुसतं चिकटलंय, रंधा मारताना छिलके चिकटतात तसं, म्हणून त्यानं फुंकर मारली. मग अंगठ्यानं झटकलं. कुसळ जागचं हललं नाही, बोटच हललं.

चिमट्यात धरून त्यानं ते ओढलं. सावकाश, घुसलं होतं त्याच वाटेनं. रक्ताचा एक थेंब आला. मुंजाजी थांबला. हातोडी बोटावर बसली की आधी नुसता आवाज येतो आणि कळ मागून येते, तशी येईल म्हणून थांबला… पण काहीच आलं नाही. थेंब मोठा झाला, फुटला, पेरावरून ओघळला, आणि दुसऱ्याच कुणाच्या हातावरून ओघळताना बघावा तसा तो बघत राहिला. समोरच्या फळीच्या कडेला, सकाळी चहा पिऊन त्यानं काम धरलं होतं त्या जागी, तसेच काळे ठिपके होते. चार. म्हणजे दोन तास झाले. दोन तास हे लाकूड माझ्या अंगात होतं आणि मला पत्ता नव्हता.

त्यानं बोट चिंधीत गुंडाळलं आणि फळीवरचे ठिपके काचकागदानं घासून काढले. आधी ठिपके, मग बाकीचं काम.

शेड सहा बाय नऊ फुटांचं. आपल्या घराची भिंत आणि शेजारच्या शांतम्माची भिंत यांच्या मधल्या बोळावर त्यानं वीस वर्षांपूर्वी पत्रे टाकले होते, तीच ही जागा. मधोमध उभं राहून नुसतं फिरलं की करवत, पटाशा, रंधे, गुण्या, सगळं हाताला लागायचं. फळी नऊ फुटांहून लांब असली की पलीकडची खिडकी उघडावी लागे आणि फळीचं दुसरं टोक शांतम्माच्या परसात जाई. शांतम्मा त्यावर खुशाल ओली फडकी वाळत टाकी, आणि रंधा मारायची वेळ आली की मुंजाजीला आधी ओरडून फडकी काढायला सांगावं लागे. पण याच बोळातून निघालेल्या चौकटी, कपाटं, देव्हारे झरीत आणि पार परभणीपर्यंत घरोघर बसलेले होते. ‘झरीचा मिस्त्री’ म्हटलं की मुंजाजी. लोक विचारायचे, एवढा सांधा बिनफटीचा बसतो कसा? तो अंगठा वर करून दाखवायचा. “डोळा फसतो. बोट फसत न्हाई.” सांध्यावरून तो बोटं फिरवायचा, डोळे मिटून, आणि केसाएवढा उंचवटा असला तरी तिथं बोट थबकायचं. हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. ते होतंच.

होतं… दिवाळीपर्यंत होतं. दिवाळीत कडूबाईनं, त्याच्या बायकोनं, चहाचा पेला हातात दिला आणि म्हणाली, अवो, एवढा कढत पेला धरून कसं बसलाव? तेव्हा तो हसला होता. मिस्त्रीचा हात हाय, राठ झालाय. राठ झालाय हे खरंच होतं. पण राठपणा सगळ्या हाताला यायला पाहिजे, दोनच बोटांना कसा येईल? करंगळी आणि तिच्याशेजारचं बोट, दोन्ही डाव्या हाताची, आणि त्याच हाताला कोपराच्या खाली विड्याच्या पानाएवढा एक फिका डाग. डाग आधी नागिणीचा वाटला, मग उन्हाचा, मग त्यानं त्याला नाव देणंच सोडलं. चैत्र लागला, पत्रे तापायला लागले, आणि मग त्याला एक गोष्ट दिसली, जी त्यानं पुन्हा पुन्हा पाहिली तरी तशीच राहिली. सगळ्या हाताला घाम यायचा आणि तेवढी जागा कोरडी. करवतीचा भुस्सा हातभर चिकटून बसायचा, आणि डागावरून मात्र वाळूसारखा घरंगळून जायचा. तेव्हापासून तो शेडमध्येसुद्धा लांब बाह्यांचा सदरा घालत होता. कडूबाई म्हणायची, एवढ्या उकाड्यात? तो म्हणायचा, भुस्सा चावतो.

भिंतीपलीकडे, घरात, ‘टक्’ असा आवाज झाला.

मुंजाजीचा रंधा थांबला. भक्ती जिना चढत असणार. आठवा महिना लागला होता तिला; पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. एका पायरीवर दोन्ही पाय ठेवत, कठड्याला धरून, अंग ओढून घेत ती चढायची. पावलांचा आवाज त्याला पाठ होता. हा पावलांचा नव्हता. वाळलेलं लाकूड उन्हानं तडकतं तसला असेल… तापलंय किती. त्यानं रंधा पुन्हा पुढे रेटला.

इतकी वर्षं त्यानं दुसऱ्यांची घरं सजवली आणि त्याच्या स्वतःच्या घराचं मागचं दार दगड लावून बंद होत होतं. पोरगी बाळंतपणाला येणार म्हटल्यावर कडूबाईनं विषयच लावून धरला, आणि दिवाळीनंतर त्यानं घराला हात घातला. वरच्या खोलीला खिडक्या केल्या. जुनी शिडी काढून तिथं लाकडी जिना बसवला, जिन्याला कठडा. भिंतीत कपाट. आता खालची जमीन उकरून ठेवलेली होती, फरशा अंगणात रचलेल्या होत्या, आणि धुळीत नको म्हणून भक्तीचं अंथरूण वर होतं. दिवसातून पाच-सहा वेळा तरी ती जिन्यानं वरखाली करायची. जिना चांगला झाला होता. बघायला आलेला प्रत्येक माणूस कठड्यावरून हात फिरवूनच पुढं जायचा.

“मिस्त्री, हाव का आत?”

दारात सत्यशीला उभी राहिली आणि शेडमधला निम्मा उजेड गेला. गावातली आशाताई, भक्तीच्या गोळ्या, तपासणीच्या तारखा सगळं तीच बघायची. आज तिच्या काखेत जाड रजिस्टर होतं आणि हातात खडू. तिच्या मागून कडूबाईचा आवाज आला, “अवो, सगळ्यांचे हातपाय बघायला आल्यात. आमचं दोघींचं झालं.”

“कसले हातपाय?” मुंजाजी म्हणाला. त्याचं त्यालाच जाणवलं की त्यानं डावा हात फळीखाली नेलाय.

“कुष्ठरोगाची पाहणी चालू हाय, भाऊ. घरटी करायची हाय. सकाळपासून बारा घरं झाली, पायाचे तुकडे पडायलेत.” सत्यशीला दाराच्या चौकटीला टेकली. हसतमुख बाई, घामानं भिजलेली. “अंगावर कुठं चट्टा हाय का? फिका, तांबूस? टोचलं, भाजलं तरी कळत न्हाई असा?”

‘कुष्ठरोग’ हा शब्द तिनं असा उच्चारला, जसं कुणी खोकल्याचं नाव घ्यावं. मुंजाजीच्या कानांत मात्र तो वाजला. त्याच्या आईच्या घरात हा शब्द कधी कुणी बोललं नव्हतं, त्याच्या जागी बोलताना थोडं थांबायचे फक्त. आणि ते थांबणं त्याला आठव्या वर्षापासून ओळखू येत होतं.

“न्हाई,” तो म्हणाला.

“हातापायाला मुंग्या? बधीरपणा?”

“न्हाई.”

“बाह्या वर करता का जरा? बघते अन् जाते.”

“हाताला पॉलिश हाय सगळं.” पॉलिशचा डबा कोपऱ्यात होता, झाकण लावलेला. सत्यशीलाची नजर तिकडे गेली की नाही हे त्याला कळलं नाही. तो हातातल्या रंध्याकडे बघत राहिला.

फळ्यांच्या गर्दीत शेडमध्ये दोन माणसं मावत नव्हती, म्हणून ती आत आली नाही. नाहीतर आलीच असती, असं त्याला वाटलं. “बरं,” ती म्हणाली. “पण भाऊ, सांगून ठेवते, आता पहिल्यासारखं राह्यलं न्हाई. सहा महिने, लय तर वर्षभर गोळ्या. दवाखान्यात फुकट मिळतात. कुणाला गावाबाहेर ठेवत न्हाईत. घरात राहून बरं होतंय माणूस. फक्त उशीर करू न्हाई, नस एकदा गेली की मग बोटं वाकडी होत्यात.”

“मला काय सांगायलाव?”

“सगळ्यांनाच सांगते हो.” तिनं रजिस्टरात काहीतरी लिहिलं. मग बाहेर जाऊन भिंतीवर खडूनं खूण केली. खडूचा कर्रकर्र आवाज विटांतून आत आला. त्या खुणेत काय लिहिलं असेल? सगळ्या घरांवर तेच लिहीत असणार. तरी त्याला उठून बघायचा धीर झाला नाही.

परमेश्वरमामा…

आईचं माहेर पिंगळीजवळ, रुळाकडेला शेत. शेताच्या टोकाला, आगगाडी जाताना जमीन थरथरायची अशा ठिकाणी मामाची झोपडी. बाकीचे मामा वाड्यात, परमेश्वरमामा तिकडे. का, हे कुणी सांगितलं नव्हतं. आई, दगडाबाई, भाकरी फडक्यात बांधून न्यायची, झोपडीपासून दहा पावलांवर दगड होता त्यावर ठेवायची, मागं सरकायची, आणि मग मामा बाहेर यायचा. तो लय हसायचा. गाडी आली की सगळ्या डब्यांना हात करायचा, आणि डब्यातली माणसंही त्याला हात करायची. मुंजाजीला वाटायचं, मामाच्या ओळखी केवढ्या. एकदा आई विहिरीकडे गेली होती. मामानं चुलीतला इंगळ उचलला, बोटांनी, तळहातावर ठेवला आणि म्हणाला, बघ मुंज्या, मला भाजत न्हाई. आठ वर्षांचा मुंजाजी भारावून बघत राहिला. वास सुटला होता. जळक्या नखाचा. मामाही वास कुठून येतोय ते बघावं तसं इकडेतिकडे बघत होता, आणि मग त्याचं हसणं कमी कमी होत गेलं, पण इंगळ टाकून द्यायचं त्याला सुचलं नाही… मग आई आली. तिनं मुंजाजीच्या पाठीत असा धपाटा घातला, जसा नंतर कधी घातला नाही, आणि घरी आणून त्याला डोक्यावरून दोनदा अंघोळ घातली.

पुढच्या सुट्टीत झोपडी नव्हती. मामाही नव्हता. आईला विचारलं तर ती म्हणाली, कोण मामा? आणि हे तिनं आयुष्यभर निभावलं. मुंजाजीच्या सोयरिकीच्या वेळी निभावलं, मरताना निभावलं. कडूबाईला माहीत नव्हतं. भक्तीच्या सासरी तर… भक्तीचं सासर! तो उठून उभा राहिला, जागा नव्हती म्हणून पुन्हा बसला. ते लोक बाळंतपणाआधी एकदा येणार होते. जिना बघणार होते. कठड्यावरून हात फिरवणार होते. त्यांनी विचारलं, मिस्त्री, हाताला काय झालं, की काय सांगायचं? आणि आठ दिवसांपूर्वी पाडव्याला भक्ती पाया पडली तेव्हा मी तिच्या डोक्यावर हात का ठेवला नाही, हे तिच्या लक्षात आलं असेल का? ती क्षणभर वाकलेलीच राहिली होती…

टक्.

या वेळी तो आवाज त्यानं पूर्ण ऐकला. तडकल्याचा नव्हता. लाकूड तडकतं तेव्हा आवाज आत कुठेतरी सुरू होतो आणि आतच संपतो. हा लाकडावर लाकूड आपटल्याचा होता. कुठलातरी सांधा सुटून परत जागेवर बसत होता. चाळीस वर्षं हे आवाज ऐकतोय मी.

त्यानं डोळे मिटले आणि जिना आठवला. पायऱ्या नव्हेत; पायऱ्या त्यानं उजव्या हातानं तपासल्या होत्या. कठड्याचा खालचा खांब नव्हे. वरचा खांब. जिना संपतो तिथला, ज्यात कठड्याचं वरचं टोक बसवलंय. त्याचं बूड तुळईच्या खाचेत, आणि खांब भिंतीपासून जेमतेम दोन बोटं लांब. मागच्या बाजूनं पाचर मारलेली. पाचर लांब सळईनं वरून ठोकली होती आणि मग ती बसली का बघायला खांबामागं हात घातला होता. उजवा हात जाईना; भिंतीचा कोपरा आडवा यायचा. म्हणून डावा घातला. अंगठा आणि त्याच्याकडची दोन बोटं बाहेरच राहिली, खांबाला टेकून. आत गेली ती शेवटची दोन बोटं.

करंगळी, आणि तिच्याशेजारचं.

गच्च, असं म्हणाला होता तो त्या दिवशी. मोठ्यानं म्हणाला होता, खाली उभ्या असलेल्या कडूबाईला ऐकू जाईल असं. का म्हणालो? बोट काय सांगत होतं तेव्हा? तो आठवायला लागला, जीव तोडून आठवायला लागला, आणि हळूहळू त्याच्या ध्यानात आलं की आठवायला काही नव्हतंच. बोट काही बोललंच नव्हतं. त्याच्या वतीनं मीच बोललो होतो.

शेडमधून घरात जायला अंगणातून वळसा घालावा लागे. फरशांच्या थप्पीला त्याचा गुडघा लागला. तो लागलेला मात्र कळला, आणि त्या कळेचा त्याला क्षणभर आनंदच झाला. कडूबाई सत्यशीलाबरोबर शांतम्माच्या दारात बोलत उभी होती. घरात अंधार, उकरलेल्या मातीचा वास. भक्ती जिन्याच्या वरच्या टोकाला उभी होती, एक हात पोटावर, दुसरा कठड्यावर, खाली यायच्या बेतात.

“थांब!”

ती दचकली. तिनं कठडा आणखी घट्ट धरला.

“सोड. कठडा सोड, माय. हात काढ त्याच्यावरनं.” आवाज चढू द्यायचा नाही, असं तो स्वतःला सांगत होता. “भिंतीला टेक. तशीच. खाली बस आता, हळू.”

“काय झालं, दादा?” बापाला ती दादाच म्हणायची.

तो भिंतीच्या बाजूनं पायऱ्या चढला. चढताना त्यानं कठड्याला हात लावला नाही. वर गेल्यावर त्यानं खांब उजव्या हातानं हलवून पाहिला. हलला नाही. पुन्हा. नाही. माणूस ओढतं ते वरून, वजन टाकून, हलवून थोडंच बघतं कुणी! त्यानं खांबामागं उजवा हात घालायचा प्रयत्न केला; मनगट कोपऱ्याला अडलं. डावा घातला. बोटं आत गेली. आत गेली आणि जणू नाहीशी झाली. तिथं लाकूड होतं की भिंत होती की मोकळी हवा, काहीच कळेना… विहिरीत दोर सोडत राहावं आणि पाणी लागल्याचं कळूच नये, तसं.

त्यानं हात बाहेर काढला. भक्ती त्याच्याकडे बघत होती.

“भक्ते,” तो म्हणाला, “तुझा हात देती का जरा? हितं, मागं घाल. तुळईपाशी पाचर हाय, लाकडाची. ती हलती का बघ.”

ती बसल्याबसल्या सरकली. दिवस भरत आल्यामुळे बोटं सुजली होती तिची, अंगठी काढून ठेवावी लागली होती. तरी तिनं हात फटीत सारला आणि मान तिरकी करून, काही ऐकत असल्यासारखी, चाचपडायला लागली. मुंजाजी तिच्या तोंडाकडे बघत होता. आणि मग ते त्याला दिसलं. डोळे नकळत मिटलेले, कपाळ किंचित आवळलेलं, बोट कुठंतरी थबकलेलं… सांध्यावरून हात फिरवताना आपलं तोंड कसं दिसत असेल, हे त्यानं कधी पाहिलं नव्हतं.

“दादा, हलायलीय.”

“किती?”

“हलायलीय म्हंजे…” ती थांबली. “निघायलीय.”

आणि तिनं हात बाहेर काढला तेव्हा पाचर तिच्या दोन बोटांत होती. ओढावी लागली नव्हती. अर्धीच होती ती. ठोकतानाच मधून मोडलेली, खालचा तुकडा खाचेत कुठंतरी पडलेला, वरचा नुसता अडकून राहिलेला. तीन आठवडे तो खांब फक्त गोंदाच्या चार थेंबांवर उभा होता, आणि त्याला धरून ही पोटुशी पोरगी रोज स्वतःला वर ओढत होती.

मुंजाजी खाली गेला, सुंभाचा दोर घेऊन आला, आणि खांब भिंतीतल्या कड्याला आवळून बांधला. गाठीवर गाठ मारत राहिला. एवढ्या गाठींची गरज नव्हती. पण हात थांबला की मन पुढे जात होतं. दिवाळीनंतर मी काय काय केलं? गावातल्या शाळेचे सहा बाक. मारुतीच्या देवळाचं दार. परभणीच्या त्या घरातला झोपाळा… झोपाळ्याच्या पाटाखाली कड्या बसवल्या त्या पालथं पडून, खालून, हातानं चाचपून. कुठल्या हातानं? त्या घरात दोन जुळी पोरं होती, पाट बसवेपर्यंतसुद्धा त्यांना दम निघत नव्हता. कुठल्या हातानं चाचपलं होतं मी? सगळीकडं मी गच्च म्हणत गेलो, गच्च, गच्च, आणि माणसं मान हलवत गेली, कारण मिस्त्री म्हणतोय.

“दादा,” भक्ती म्हणाली. “तुमी हात घातला होता की आदी. तुमच्या हाताला लागली न्हाई का ही?”

त्यानं आणखी एक गाठ मारली.

“चिंधी कशाची बांधलीय?”

“कुसळ गेलतं.”

“सत्यशीलाताईनं तुमचे हात बघितले?”

“बघितले.”

“खोटं.” ती हे रागानं म्हणाली नाही. “मी वर होते, खिडकीत. सगळं ऐकू येतंय. बाह्या वर करा म्हणल्या, तर तुमी पॉलिश म्हणलाव.”

खाली, अंगणातून, कडूबाईचं आणि सत्यशीलाचं बोलणं ऐकू येत होतं. शब्द नाहीत, नुसता चढउतार. सत्यशीला अजून गेली नव्हती. पुढचं घर अजून व्हायचं होतं.

“तुझ्या आज्जीला,” मुंजाजी म्हणाला, आणि त्याचा आवाज त्यालाच परका वाटला, “एक भाऊ हुता. परमेश्वर नावाचा.”

“आज्जीला तीनच भाऊ. त्यांच्यात परमेश्वर कुणी न्हाई.”

“चार.”

भक्तीनं पुढचं विचारलं नाही. कधी कधी तिच्यात तिची आज्जी, दगडाबाई, दिसायची, तशी आत्ता दिसली, आणि मुंजाजीला वाटलं, आता ही उठेल, दहा पावलं मागं सरकेल. जिन्याच्या तोंडाशी मागं सरकायला जागाच नव्हती. भिंत, पोटुशी पोरगी, दोरानं बांधलेला खांब, आणि तो. ती सरकली नाही. तिनं त्याच्या सदऱ्याची बाही धरली आणि एकेक घडी घालत वर केली, लहान पोराची करावी तशी, कोपरापर्यंत. डाग दिसला. ती त्याच्याकडे बघत राहिली. मग तिनं त्यावर तळहात ठेवला असावा, कारण तिचा तळहात तिथं होता. त्याला तो फक्त दिसत होता.

“असं करू न्हाई,” तो म्हणाला. “पोटात लेकरू हाय तुझ्या.”

“ताईनं माझंबी बघितलं ना मघाशी. डोळे मिटा म्हणल्या, अन् पेनाचं टोक टेकवत गेल्या. कुठं लागलं ते सांगा म्हणल्या.” तिनं आजूबाजूला बघितलं. केरसुणीची एक काडी पायरीवर पडली होती, ती उचलली. “डोळे मिटा, दादा.”

“कशाला?”

“मिटा.”

त्यानं डोळे मिटले.

हात तिच्या मांडीवर पालथा होता, ते वजन त्याला खांद्यात कळत होतं. आधी काडी अंगठ्यावर टेकली. बारीक, कोरडी, स्पष्ट. “अंगठा,” तो म्हणाला. मग पहिलं बोट. “पहिलं.” मग मधलं. मधलंही लागलं, थोडं लांबून आल्यासारखं, पण लागलं. “मधलं,” तो म्हणाला, आणि त्याच्या आवाजात नको तेवढी आशा आली.

मग काही झालं नाही.

तो थांबला. कुठेतरी कुणीतरी पंप चालू केला. अंगणातलं बोलणं थांबलं होतं. दोघी दाराकडे येत असाव्यात. त्याच्या कानाशी भक्तीचा श्वास होता, जड, थांबून थांबून येणारा. काडी आत्ता कुठल्या बोटावर होती? की तिनं अजून टेकवलीच नव्हती? डोळे उघडले असते तर लगेच कळलं असतं. डोळे उघडणं एवढं सोपं होतं.

“लाव की,” तो म्हणाला.

तिचा श्वास मध्येच अडला आणि पुन्हा सुरू झाला, आणि उंबऱ्याशी चपला काढल्याचा आवाज आला. कडूबाईच्या असतील, किंवा दोघींच्या. दिवाळीपासून दर वेळी अशी चाहूल लागली की त्याचा डावा हात आपणहून मागं जायचा, फळीखाली, बाहीत, पाठीमागं. आत्ताही तो जाईल म्हणून मुंजाजी वाट बघत राहिला. पण हात तिथंच राहिला, पोरीच्या मांडीवर, उघडा. पावलं उकरलेल्या मातीवरून जिन्याकडे येत होती, तरीही डोळे मिटूनच तो म्हणाला —

“मग सांग तरी. टेकवली का?”